मल्टिप्लेअर खेळात पुंडांचा गट आणि बाजूबदल कसा उभारावा

दोन राज्यांचे युद्ध असलेला कल्पनारम्य मल्टिप्लेअर खेळ बहुतेक नवोदित एकाच पद्धतीने बांधायला घेतात. पात्र तयार करतानाच खेळाडूला एक बाजू मिळते, त्या बाजूचा रंग त्याच्या नावाला लागतो आणि 'माझ्या रंगाचा नाही तो शत्रू' एवढ्या एका अटीवर सगळी लढाई चालते. खेळ तेवढाच ठेवायचा असेल तर ही अट पुरेशी आहे. परंतु एखाद्या खेळाडूने आपल्याच राज्यातील व्यापाऱ्याला वाटेत लुटावे, त्यामुळे तो दोन्ही राज्यांना नकोसा व्हावा आणि पुढे कधीतरी त्याने दुसऱ्या राज्याची चाकरी पत्करावी, असे काही खेळाडूंच्या हातून घडावे अशी आपली इच्छा असेल, तर ती अट पहिल्याच दिवशी अपुरी पडते. त्या पुढच्या बांधणीसाठी हा लेख आहे. वाचकाने गोडो, युनिटी किंवा अशाच एखाद्या साधनात दोन खेळाडू एका नकाशावर आणून त्यांना एकमेकांवर वार करता येईल इथपर्यंत काम केलेले आहे, असे मी गृहीत धरले आहे.

'आउटलॉ' या कल्पनेसाठी मी पुढे 'पुंड' हा आपल्याकडचा जुना शब्द वापरतो, कारण राज्याची सत्ता न जुमानणारा माणूस हा त्यातला अर्थ आपल्या कामाला नेमका लागू पडतो. उदाहरणासाठी एक डोंगरी राज्य आणि एक खाडीचे राज्य अशी दोन राज्ये धरू.

पायरी 1: बाजू कोठे आणि कशी साठवायची

पात्राच्या नोंदीत 'गट' नावाचा एकच रकाना ठेवण्याचा मोह टाळावा. मूळ राज्य, सध्याची बाजू, गुन्ह्यांचे गुण आणि शेवटचा बाजूबदल कधी झाला ती वेळ, अशा चार स्वतंत्र नोंदी असाव्यात. पुंड झालेला डोंगरी माणूस मूळचा डोंगरीच राहतो आणि त्याला परत यायचे असेल तेव्हा ही जुनी नोंद लागते. एकच रकाना असला तर पुंड होताक्षणी ती माहिती पुसली जाते आणि नंतर ती कोठूनही परत मिळवता येत नाही.

या चारही नोंदी फक्त सर्व्हरने बदलाव्यात. खेळाडूच्या संगणकाने 'मला बाजू बदलायची आहे' अशी विनंती करावी, 'मी बाजू बदलली' असे कळवू नये. गोडो 4 मध्ये ज्याने खेळ सुरू केला त्या सर्व्हरचा क्रमांक 1 असतो आणि एखाद्या घटकावर अधिकार कोणाचा हे ठरवता येते. खेळाडूची हालचाल सोपी व्हावी म्हणून अनेक नवोदित पात्राचा संपूर्ण अधिकार खेळाडूकडेच देऊन टाकतात आणि त्याबरोबर बाजूची नोंदही त्याच्या हाती जाते. हालचालीची कळ खेळाडूकडे राहू द्यावी, पण बाजू आणि गुन्हे यांचा घटक वेगळा करून तो सर्व्हरच्या अधिकारात ठेवावा.

पायरी 2: शत्रू कोण, हे एकाच ठिकाणी विचारावे

सगळ्या बांधणीचा कणा येथे आहे. तलवारीचा वार, बाण, मंत्र, औषधोपचार, नावाचा रंग, पहारेकऱ्याची नजर, या प्रत्येक जागी शत्रू-मित्राची तपासणी स्वतंत्रपणे लिहिली, तर पुंड आल्यावर त्या सर्व जागा बदलाव्या लागतात आणि त्यांपैकी एक तरी हमखास राहून जाते. त्याऐवजी दोन पात्रे घेणारे आणि त्यांचे नाते सांगणारे एकच फंक्शन लिहावे, आणि उरलेल्या सगळ्यांनी त्यालाच विचारावे.

या फंक्शनची उत्तरे दोन नसून तीन असतात. 'शत्रू' म्हणजे वार चालतो आणि गुन्हा लागत नाही. 'मित्र' म्हणजे वार लागतच नाही. तिसरे उत्तर 'संरक्षित', म्हणजे वार लागतो, पण तो गुन्हा ठरतो. पुंडगिरीची सगळी शक्यता या तिसऱ्या उत्तरातून निघते, कारण आपल्याच माणसावर हात उचलण्याची मोकळीक नसेल तर खेळात पुंड जन्मालाच येणार नाही. म्हणून एकाच राज्यातील दोन अनोळखी खेळाडू एकमेकांना 'संरक्षित' असावेत आणि 'मित्र' हे नाते त्याच पथकातील सोबत्यांपुरते ठेवावे.

आणखी दोन गोष्टी नीट ठरवाव्या लागतात. हे नाते एकदिश आहे: व्यापाऱ्याने पुंडावर केलेला वार गुन्हा नाही, पुंडाने व्यापाऱ्यावर केलेला वार मात्र गुन्हा आहे. दुसरे असे की दोन पुंड आपोआप मित्र ठरत नाहीत. एकाच टोळीतले पुंड मित्र आणि दोन टोळ्यांमधले पुंड शत्रू, असे ठेवल्यास पुंडांची एकजूट होऊन तिसरे राज्य तयार होत नाही आणि लुटीवरून त्यांच्यातही भांडणे होतात, जी खेळाला हवीच असतात.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. गोडोमध्ये टकरींसाठी 32 भौतिक थर मिळतात, आणि प्रत्येक बाजूला एक थर दिला की काम झाले असे वाटते. स्थिर बाजू असलेल्या खेळात ते चालूनही जाते. परंतु थर हा 'लागले की नाही' एवढेच सांगतो. लागले पण गुन्हा झाला, हे त्याला सांगता येत नाही. टक्कर सर्वांची होऊ द्यावी आणि तिचा अर्थ आपल्या फंक्शनने लावावा.

पायरी 3: गुन्हा कशाला म्हणायचे

येथे घाई करू नये. 24 सप्टेंबर 1997 रोजी बाजारात आलेल्या अल्टिमा ऑनलाइन या खेळात निरपराध्याचे नाव निळे, गुन्हेगाराचे करडे आणि खुन्याचे लाल दिसत असे. करडा रंग थोड्या वेळाने जाई, लाल रंग मात्र टिके. मारल्या गेलेल्या खेळाडूलाच 'याला खुनी म्हणून नोंदवायचे का' असे विचारले जात असे आणि असे पाच खून नोंदले गेले की मारणारा लाल होई. तात्पुरता गुन्हा आणि साचत जाणारा गुन्हा वेगळे धरण्याची ती कल्पना आजही उपयोगी आहे. आपल्या खेळातही पहिला हात उचलणाऱ्यावर दोन मिनिटांचा 'आक्रमक' शिक्का बसवावा. शिक्का असेपर्यंत त्याच्यावर कोणीही वार केला तरी तो गुन्हा नव्हे, म्हणजे स्वसंरक्षणाचा प्रश्न वेगळे नियम न लिहिता सुटतो. कायमचे गुण मात्र लूट झाल्यावर किंवा खून झाल्यावरच वाढवावेत.

यापुढच्या अडचणी कागदावर दिसत नाहीत, त्या खेळताना पुढे येतात. पहिली अडचण विस्तृत क्षेत्रावर चालणाऱ्या मंत्रांची. डोंगरी मांत्रिकाने खाडीच्या सैनिकांवर आगीचा गोळा टाकला आणि त्याच्याच राज्यातला एक जण मुद्दाम त्या आगीत धावत शिरला, तर मांत्रिक गुन्हेगार ठरावा काय? ठरवल्यास लोक जाणूनबुजून आगीत उड्या घेऊन इतरांना पुंड बनवतील. न ठरवल्यास पुंड आगीचे गोळे टाकून बिनधोक खून करतील. यावर मला पटलेला उपाय ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या खेळातला आहे, ज्याचा विषय वेगळा असला तरी गुन्ह्याचे नियम फार विचाराने बांधलेले आहेत. तेथे प्रत्येक खेळाडूपाशी एक सुरक्षा-कळ असते. ती चालू असताना गुन्हा ठरेल अशी कृती खेळ करूच देत नाही आणि गुन्हा करायचाच असेल तर ती कळ आधी जाणीवपूर्वक बंद करावी लागते. आपल्या खेळात असे ठेवावे की कळ चालू असताना आगीचा गोळा संरक्षित माणसांना लागतच नाही, आणि बंद असताना लागतो व गुन्हा नोंदला जातो. अजाणता गुन्हा घडण्याची शक्यता त्यामुळे जवळजवळ उरत नाही, आणि प्रत्येक पुंड स्वतःच्या निर्णयाने पुंड झालेला असतो.

दुसरी अडचण मदतीची. लढणाऱ्या पुंडामागे उभे राहून त्याच्या जखमा भरणारा वैद्य स्वतः कोणावरही वार करत नाही, म्हणून नियमांच्या दृष्टीने तो निष्पाप राहतो आणि त्याला मारणाराच गुन्हेगार ठरतो. हा उघड अन्याय आहे. ज्याला मदत केली त्याच्यावर आक्रमकाचा शिक्का असेल तर तोच शिक्का मदत करणाऱ्यावरही बसावा, आणि सुरक्षा-कळ चालू असताना अशी मदत करता येऊ नये.

तिसरी अडचण वेळ घेऊन परिणाम करणाऱ्या गोष्टींची आहे: विषाची, सापळ्यांची, पाळीव श्वापदांची. विषाचा बाण मारला तेव्हा मारणारा डोंगरी राज्यात होता आणि विषाने माणूस मेला तेव्हा तो पुंड झालेला होता, तर हिशेब कोणत्या बाजूने करायचा? माझा स्पष्ट सल्ला असा की बाण सुटला त्या क्षणीचे नाते बाणाबरोबरच साठवावे आणि शेवटपर्यंत तेच धरावे. सापळ्याच्या बाबतीत मात्र उलट करावे, कारण सापळा दोन दिवस पडून राहू शकतो. तो उडेल त्या वेळी मालकाची जी बाजू असेल ती धरावी. पाळीव श्वापदाला स्वतःची बाजू देऊच नये. त्याच्याबद्दल विचारणा झाली की फंक्शनने त्याच्या मालकाकडे पाहावे.

पायरी 4: पुंड होण्याचा उंबरठा

लुटीला 10 गुण, खुनाला 25 गुण, 100 गुणांना पुंड, अशा साध्या हिशेबाने सुरुवात करता येते. आकडे चाचणीनंतर बदलतीलच. महत्त्वाचे हे की पुंड होण्याचा आणि पुंडगिरीतून सुटण्याचा उंबरठा एकच असू नये. 100 ला आत आणि 100 च्या खाली बाहेर असे ठेवले तर सीमारेषेवरचा खेळाडू दिवसातून चारदा बाजू बदलेल. 100 ला आत आणि 40 ला बाहेर ठेवल्यास ती ये-जा थांबते.

उंबरठा ओलांडण्याचा प्रसंग मात्र नाट्यमय करता येतो. कोरियात 2013 मध्ये सुरू झालेल्या आर्चएज या खेळात गुन्ह्याच्या जागी रक्ताचे डाग आणि पावलांचे ठसे राहत, ते पाहणारा खेळाडू त्यांची तक्रार नोंदवी, आणि पुरेशा तक्रारी झालेल्या माणसावर पाच खेळाडूंच्या पंचमंडळापुढे खटला चाले. बदनामीचे 3000 गुण झाले की तो चाच्यांच्या गटात ढकलला जाई. छोट्या खेळात खटला चालवण्याइतके लोक एका वेळी हजर नसतात, त्यामुळे नवोदितांनी खटल्याच्या मागे लागू नये. परंतु गुन्ह्याचा माग उरतो आणि कोणीतरी तो पाहून कळवल्याशिवाय गुन्हा नोंदला जात नाही, एवढा भाग उचलण्यासारखा आहे. निर्जन घाटात लुटणे आणि भर बाजारात लुटणे यांत त्यामुळे खरा फरक पडतो.

पायरी 5: पुंडांना राहायला जागा द्यावी

नवीन निर्माते पुंडाला शहरबंदी करतात, पहारेकरी त्याच्या मागे लावतात आणि तेथेच थांबतात. याला गट म्हणता येत नाही, ही नुसती शिक्षा झाली. पुंडालाही मेल्यावर पुन्हा उभे राहायला ठिकाण लागते, कोठार लागते, शस्त्र दुरुस्त करणारा लोहार लागतो आणि लुटीचा माल विकत घेणारा लागतो. आर्चएजमधल्या चाच्यांना स्वतःचे बेट होते. नकाशाच्या एका कडेला, व्यापारी वाटेपासून फार लांब नाही आणि राज्यांच्या वेशीपासून फार जवळ नाही अशा जागी एक तळ द्यावा, आणि तेथे भाव राज्यांपेक्षा वाईट पण काम भागेल इतपत असावेत.

लुटायचे काय, हेही याच पायरीत ठरते. अंगावरची शस्त्रे आणि चिलखत लुटता येऊ लागले की लुटलेला माणूस बहुधा खेळच सोडतो. लूट पाठीवरून वाहून न्यायच्या व्यापारी मालापुरती ठेवावी, म्हणजे जो माल घेऊन निघतो तो जोखीम पत्करून निघतो आणि ज्याला नको त्याने माल न घेता प्रवास करावा. याच प्रश्नावर अल्टिमा ऑनलाइनला 2000 मध्ये आपल्या जगाची दुसरी प्रत काढून तेथे संमतीशिवाय खून करण्यास बंदी घालावी लागली, आणि मोठ्या संख्येने खेळाडू तिकडे निघून गेले. पुंडांची सोय पाहताना त्यांच्या भक्ष्याची सोय आधी पाहावी, हे मी आग्रहाने सांगेन.

पुंडाच्या डोक्यावर इनाम ठेवायचे असेल तर ती रक्कम खेळाने नव्याने निर्माण करू नये. ती पुंडाच्याच जमा लुटीतून कापून द्यावी, अन्यथा दोन मित्र आळीपाळीने पुंड होऊन एकमेकांना मारतील आणि इनामाचे पैसे वाटून घेतील.

पायरी 6: राजीखुशीने बाजू बदलणे

पुंड होणे हा गुन्ह्याचा परिणाम आहे, तर डोंगरी राज्य सोडून खाडीच्या राज्यात जाणे हा निर्णय आहे. दोन्हींसाठी एकच यंत्रणा वापरू नये. निर्णयाला विधी असावा: नव्या राज्याच्या दरबारात स्वतः चालत जाणे, चाकरीचा कौल घेणे आणि त्यानंतर ठरावीक काळ 'उमेदवार' म्हणून राहणे. या काळात जुने राज्य त्याला शत्रू मानते आणि नवे राज्य त्याला अजून पथकाच्या गुप्त संभाषणात किंवा कोठारात घेत नाही. हेरगिरी पूर्णपणे थांबवता येत नाही, पण तिला वेळेची किंमत लावता येते. 2001 मध्ये आलेल्या डार्क एज ऑफ कॅमेलॉट या खेळात तीन राज्ये होती आणि एका सर्व्हरवर एका खेळाडूला एकाच राज्यात पात्रे करता येत असत. आपण बाजूबदलाला परवानगी देत आहोत, म्हणून निदान एवढे करावे की एका खात्यातील सर्व पात्रांची बाजू एकत्रच बदलेल.

बदलताना सामानाचे काय, हा प्रश्न मराठी वाचकाला समजावून देणे सोपे आहे. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येत असे, तर बारगिराला घोडा सरकारातून मिळत असे. तोच भेद खेळात आणावा. खेळाडूने स्वतः कमावलेली किंवा विकत घेतलेली वस्तू त्याच्याबरोबर जाते, राज्याने पदाबरोबर दिलेले घोडे, झेंडे आणि चिलखते परत जमा होतात. प्रत्येक वस्तूच्या नोंदीत 'मालक कोण' हा रकाना सुरुवातीपासूनच ठेवला नाही, तर हे नंतर करणे अत्यंत कष्टाचे होते.

जिंकणाऱ्या बाजूकडे सगळ्यांनी धाव घेणे हा बाजूबदलाचा सर्वांत मोठा धोका आहे. त्यावर केवळ बंदी घालून भागत नाही, कारण मित्र ज्या बाजूला आहेत तिकडे जाण्याची इच्छा रास्त असते. म्हणून लहान बाजूकडे जाणे स्वस्त आणि मोठ्या बाजूकडे जाणे महाग ठेवावे. गेल्या सात दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून किती तास खेळले गेले त्याचे प्रमाण काढावे, नोंदलेल्या नावांचे काढू नये, कारण न खेळणारी नावे हिशेब बिघडवतात. कायमचा बदल नको असलेल्यांसाठी भाडोत्री शिपायाची सोय करता येते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने 2015 मध्ये अशी सोय आणली. ज्या बाजूच्या खेळाडूंना रणमैदानासाठी फार वेळ थांबावे लागत असे, त्यांना त्या एका लढाईपुरते विरुद्ध बाजूने, तिकडच्या वेषात लढता येऊ लागले. आपल्या नोंदींमध्ये यासाठी 'सध्याची बाजू' तात्पुरती बदलावी आणि लढाई संपताच, किंवा खेळाडूचा संपर्क तुटताच, मूळ जागी आणावी.

आता सर्व्हरवरचा तो नेमका क्षण. गोडोमध्ये भौतिक गणना मुळात सेकंदाला 60 वेळा होते. त्यातील एकाच फेरीत वार आणि बाजूबदल दोन्ही आले तर कोणाचा क्रम आधी, हे दैवावर सोडू नये. प्रत्येक फेरीत आधी सर्व वारांचा निकाल लावावा आणि फेरीच्या शेवटीच बाजूबदल अमलात आणावेत, म्हणजे वार चुकवण्यासाठी कोणाला बाजू बदलता येणार नाही. शेवटचा वार देऊन किंवा घेऊन साठ सेकंद होईपर्यंत बदलाची विनंती नाकारावी. विनंती मान्य झाल्यावर आधी माहितीसाठ्यात नोंद करावी आणि मगच सर्वांना नवी बाजू कळवावी. उलट क्रमाने केले आणि मध्येच सर्व्हर बंद पडला, तर सगळ्यांनी पाहिलेला बदल पुन्हा सुरू झाल्यावर नाहीसा झालेला असेल. नवी बाजू सर्वांच्या पडद्यावर पोचायला क्षणभर लागतो, म्हणून बदललेल्या पात्राला तीन सेकंद वार करता येऊ नये आणि त्याच्यावर वार होऊ नये. बाजू नुसत्या लाल-हिरव्या रंगाने दाखवू नये, कारण ते दोन रंग वेगळे न दिसणारे खेळाडू बरेच असतात. नावाशेजारी प्रत्येक बाजूचे वेगळ्या आकाराचे चिन्ह द्यावे.

पायरी 7: परतीची वाट

पुंडाला परत यायची वाट नसेल तर एका रागाच्या भरात केलेल्या चुकीसाठी माणूस पात्रच सोडून देतो. गुण हळूहळू उतरावेत, पण ते प्रत्यक्ष खेळलेल्या वेळेतच उतरावेत. अल्टिमा ऑनलाइनमध्ये अल्प मुदतीचा खुनाचा एक गुण 8 तासांनी आणि दीर्घ मुदतीचा 40 तासांनी कमी होई, आणि हे तास खेळातले असत. आपल्या उदाहरणात तासाला 5 गुण उतरवले तर 100 वरून 40 वर यायला 12 तास लागतात. त्याखेरीज दंड भरून किंवा लुटलेला माल मूळ मालकाला परत करून ती वाट आखूड करता यावी. माल परत करण्याची सोय मला विशेष आवडते, कारण तीत लुटणारा आणि लुटलेला यांना समोरासमोर यावे लागते.

पायरी 8: चाचणी

दोन संगणक आणि एक सर्व्हर एवढ्यावर सर्व काही तपासता येते. तीन बाजू, आक्रमकाचा शिक्का असणे-नसणे आणि सुरक्षा-कळ चालू-बंद, या सर्वांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वार, बाण, उपचार आणि आगीचा गोळा यांचे अपेक्षित उत्तर आधी कागदावर लिहावे, आणि मग नात्याचे फंक्शन त्या यादीवरून आपोआप तपासणारी छोटी चाचणी लिहून ती प्रत्येक बदलानंतर चालवावी. त्यानंतर संपर्क मुद्दाम मंद करून, एकाने विषबाण सोडावा आणि दुसऱ्याने त्याच वेळी दरबारात कौल मागावा. विनंती नाकारली गेली, विषाचा हिशेब जुन्या नात्याने झाला आणि दोन्ही पडद्यांवर एकच चिन्ह दिसले, तर खेळ दहा-बारा ओळखीच्या खेळाडूंच्या हाती द्यायला हरकत नाही.